पाण्याचे खडक, वायूचे समुद्र

पौषातल्या थंडीत पुण्या-नाशकाकडील घरांतून सकाळी एक लहानसा उपचार पार पाडावा लागतो. खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी झालेली असते. ती खिडकीतल्या उन्हात किंवा गरम पाण्याच्या तांब्यात ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. चोवीस-पंचवीस अंश सेल्सिअसच्या वर ते तेल पातळ असते, त्याखाली ते घट्ट होऊ लागते. तीच बाटली मुंबईस नेली तर हिवाळ्यातही ती बहुधा वाहती राहते. तेल तेच, बाटली तीच, बदलले ते गाव. तेलाचा मूळ धर्मच पालटला असे कोणतीही गृहिणी म्हणत नाही.

शाळेच्या फळ्यावर मात्र हेच सृष्टीचे वर्तन तीन रकान्यांत बंदिस्त होते. स्थायू, द्रव आणि वायू. लोखंड, दगड, लाकूड पहिल्या रकान्यात, पाणी, दूध, तेल दुसऱ्यात, हवा तिसऱ्यात. विद्यार्थी ते वहीत उतरवितो, परीक्षेत तसेच लिहितो आणि त्याला गुण मिळतात. उत्तर चुकीचे नसते. ते अपुरे असते. 'पाणी हा द्रव पदार्थ आहे' या विधानाच्या मागे 'आपल्या घरात, आपल्या हवामानात, आपल्या पृथ्वीवर' ही अट उभी असते आणि ती कोणी उच्चारीत नाही. न उच्चारलेली अट हळूहळू विसरली जाते आणि मग परिस्थितीचा गुण हाच पदार्थाचा स्वभाव वाटू लागतो. ही अट किती मोठी आहे हे ध्यानात यावयाचे असेल, तर जेथे ती अट पाळली जात नाही अशा ठिकाणी दृष्टी टाकली पाहिजे. असे एक ठिकाण शनीभोवती फिरते. त्याचे नाव टायटन.

गंमत अशी की, या ठिकाणाची कल्पना ते नीट पाहिले जाण्याच्या कितीतरी आधी एका रसायनशास्त्रज्ञाने केली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लाव्हाझिये याने असा विचार मांडला की, पृथ्वी अकस्मात गुरू किंवा शनी यांच्यासारख्या अतिशीत प्रदेशात नेऊन ठेवली, तर आज नद्या व समुद्र यांच्या रूपाने वाहणारे पाणी घट्ट होऊन त्याचे पर्वत बनतील. आणि हवा, निदान तिच्यातील काही घटक, अदृश्य वायू न राहता द्रवरूप होतील, आणि अशा रीतीने आपल्या कल्पनेतही नसलेले नवे द्रव निर्माण होतील. त्या काळी हवेचे पाणी होते असे म्हणणे हे धाडसच होते. १७९४ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत लाव्हाझियेचा शिरच्छेद झाला. आपल्या तर्काचे पुढे काय होणार हे पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

नंतरच्या पिढीने तो तर्क प्रयोगशाळेत तपासावयास घेतला. मायकेल फॅरेडे याने १८२३ साली क्लोरीन वायू दाबाखाली द्रवरूप करून दाखविला आणि पुढे एकामागून एक वायूंना त्याने याच मार्गाने नमविले. परंतु सहा वायू काही केल्या दाद देईनात. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. कितीही दाबले तरी हे वायू वायूच राहत. तेव्हा शास्त्रज्ञांनीही तेच केले, जे शाळेतला फळा करतो: या सहांना 'चिरस्थायी वायू' असे नाव देऊन त्यांनी रकाना बंद केला! पुढे १८६९ मध्ये बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज याने कार्बन डायऑक्साइडवरील प्रयोगांवरून दाखवून दिले की, प्रत्येक वायूचे एक विशिष्ट तापमान असते. त्याच्या वर तो असेल तर जगातला कोणताही दाब त्याला द्रव बनवू शकत नाही. दोष दाबाचा नव्हता, थंडी अपुरी पडत होती. १८७७ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये काय्यते आणि जिनिव्हात पिक्ते यांनी स्वतंत्रपणे ऑक्सिजनचे दव पाडून दाखविले आणि 'चिरस्थायी' हे विशेषण कायमचे निकालात निघाले.

त्या सहांपैकी मिथेन हा आपल्या परिचयाचा आहे, जरी त्याचे नाव सर्वांच्या ओठी नसले तरी. खेड्यातल्या गोबरगॅसच्या टाकीत जो जळणारा वायू साठतो त्यात मुख्य वाटा मिथेनचाच असतो. शहरातल्या रिक्षांत भरला जाणारा सी. एन. जी. म्हणजेही बहुतांशी मिथेन. येथे एक फरक पाहण्याजोगा आहे. स्वयंपाकघरातला सिलिंडर हलविला तर आत काहीतरी हिंदकळते, कारण त्यातील प्रोपेन व ब्युटेन आपल्या नेहमीच्या तापमानाला नुसत्या दाबानेही द्रव होतात. रिक्षाच्या टाकीत मात्र प्रचंड दाब असूनही काहीच हिंदकळत नाही. मिथेनचे ते अँड्र्यूजने सांगितलेले तापमान शून्याखाली सुमारे ८३ अंश आहे. आपल्या रस्त्यांवर तो द्रव होणे शक्य नाही. त्याला द्रवरूपात आणावयाचे तर शून्याखाली १६२ अंशांपर्यंत थंड करून, जाड आवरणाच्या टाक्यांत घालून, खास जहाजांतून आणावे लागते. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला अशी जहाजे २०१३ पासून येऊ लागली. तेथे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करावा लागतो, तो द्रव टायटनवर उघड्या आभाळाखाली समुद्र होऊन पसरला आहे.

टायटनचा शोध डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हॉयगेन्स याने २५ मार्च १६५५ रोजी लावला. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे तो दुर्बिणीतला एक ठिपका एवढाच राहिला. १९४४ मध्ये जेरार्ड कायपर याने त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात मिथेनच्या खुणा ओळखल्या आणि उपग्रहालाही वातावरण असू शकते हे प्रथमच निश्चित झाले. नोव्हेंबर १९८० मध्ये अमेरिकेचे व्हॉयेजर-१ हे यान त्याच्या जवळून गेले. या एका भेटीसाठी यानाला प्लूटोकडे जाण्याचा मार्ग सोडून द्यावा लागला होता. एवढा त्याग करून छायाचित्रांत काय दिसले? एक नारिंगी, धुरकट गोळा. जमीन कोठेही दिसली नाही. तरीही यानाचे रेडिओसंदेश त्या वातावरणाच्या कडेतून आरपार जाताना ज्या रीतीने वाकले, त्यावरून जमिनीवरील दाब आणि तापमान यांचे गणित मांडता आले. तापमान शून्याखाली १७९ अंशांच्या आसपास. दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे दीडपट. हवा मुख्यतः नायट्रोजनची.

या आकड्यांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण पुढची सारी नवलाई त्यांच्यातच दडलेली आहे. सूर्यापासून सुमारे १४० कोटी किलोमीटरवर असलेल्या या उपग्रहाला पृथ्वीच्या मानाने एक-नव्वदांश सूर्यप्रकाश मिळतो. अशा थंडीत कोण कोणत्या रकान्यात बसतो? नायट्रोजन शून्याखाली १९६ अंशांना द्रव होतो. टायटन त्याहून थोडा उबदार आहे, म्हणून तेथील हवा ही हवाच राहिली आहे, पण जेमतेम. मिथेन शून्याखाली १६१ अंशांच्या खाली द्रव होतो आणि १८२ अंशांच्या खाली गोठतो. टायटनचे तापमान नेमके या दोहोंच्या मध्ये, गोठणबिंदूच्या अगदी निकट पडते. आणि पाणी? त्याचा प्रश्नच उरत नाही. पाणी तेथे दगड आहे. 'दगडासारखे' असे म्हणणेही कमीच पडेल. त्या तापमानाला बर्फ ठिसूळ वा निसरडा राहत नाही. तो कातळाइतका कठीण होतो, त्याचे डोंगर उभे राहतात, त्यावरून ओढे वाहतात आणि त्याची झीज होऊन गोटे बनतात. लाव्हाझियेच्या तर्कातले पर्वत ते हेच. त्याचा तर्क एका ठिकाणी तेवढा चुकला. हवेचा मुख्य घटक तेथे द्रव झालेला नाही. द्रव झाला तो तिच्यातला दुय्यम घटक. परंतु घरबसल्या केलेल्या अनुमानाला एवढी चूक सहज माफ करता येईल.

हे सारे प्रत्यक्ष पाहण्याचा योग १४ जानेवारी २००५ रोजी आला. कॅसिनी या मूळ यानापासून सुटलेले, हॉयगेन्सचेच नाव दिलेले एक लहान यान हवाई छत्रीच्या साहाय्याने सुमारे अडीच तास खाली उतरत राहिले. धुरकट थर संपताच त्याच्या कॅमेऱ्याला फांद्या फुटलेले ओहोळ दिसले, जणू सह्याद्रीच्या उतारावरचे ओढेच वरून पाहावेत. यान जमिनीवर टेकले, किंचित घसरले, डळमळले आणि स्थिरावले. समोर गोल गुळगुळीत गोटे पडले होते, काही लिंबाएवढे तर काही त्याहून मोठे. नदीच्या पात्रातला प्रत्येक गोटा आपली गोलाई वाहत्या द्रवाकडून घेतो. हेही गोटे त्याला अपवाद नसावेत. फरक एवढाच की, येथे गोटा पाण्याच्या बर्फाचा आणि त्याला घासणारा प्रवाह मिथेनचा.

त्या यानाने केलेली एक नोंद चित्रांहूनही बोलकी आहे. पृथ्वीवरून गेलेले ते यंत्र टायटनच्या मानाने धगधगते होते. त्याच्या उष्णतेने खालची जमीन थोडी तापली आणि उपकरणांत मिथेन वायूचे प्रमाण एकाएकी वाढले. जमीन ओली होती! उन्हाळ्यात अंगणात सडा टाकल्यावर जशी वाफ यावी, तसा त्या बर्फाळ मातीतून मिथेन उडू लागला होता. यानाने जमिनीवरून तासाभराहून अधिक काळ संदेश पाठविले. त्यानंतर मूळ यान क्षितिजाआड गेले. एक खंतावणारी गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मूळ यानावरील दोन ग्राहकयंत्रांपैकी एक सुरू करण्याची आज्ञा कार्यक्रमात घालावयाची राहून गेली होती, त्यामुळे जवळजवळ निम्मी छायाचित्रे अवकाशात विरून गेली. सात वर्षांचा प्रवास निर्विघ्न पार पडावा आणि एक आज्ञा लिहिण्याची राहून जावी, याला काय म्हणावे?

कॅसिनी यान मात्र १५ सप्टेंबर २०१७ पर्यंत शनीच्या परिवारात हिंडत राहिले. त्याच्या रडारला २००६ च्या जुलैत टायटनच्या उत्तर ध्रुवाजवळ आरशासारखे सपाट, काळे डाग दिसले. ती सरोवरे होती. पुढे मोठे समुद्रही सापडले. त्यांतील सर्वांत विशाल समुद्राला क्राकेन असे नाव आहे आणि त्याचे क्षेत्रफळ अवघ्या महाराष्ट्राहून अधिक भरते. लायजिया नावाच्या दुसऱ्या समुद्राची खोली रडारने मोजली, तेव्हा ती काही ठिकाणी १६० मीटरच्या घरात निघाली. त्यातील द्रव बव्हंशी मिथेनच आहे हेही त्याच मोजणीतून कळले. २०१० मध्ये विषुववृत्ताजवळच्या वाळवंटात वादळ येऊन गेले आणि त्यानंतर सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटरचा प्रदेश एकाएकी काळवंडलेला दिसला. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर माती जशी काळी दिसते, तसेच हे. तो पाऊसही मोठा संथ असला पाहिजे. टायटनचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक-सप्तमांश आणि हवा दाट; गणितानुसार तेथील थेंब जवळजवळ एक सेंटिमीटर व्यासाचा होऊ शकतो आणि सेकंदाला दीड मीटरच्या सुमारास, म्हणजे माणसाच्या चालीने, खाली उतरतो.

पाण्याशी मिथेनचे साम्य येथपर्यंत जुळते. पण ते सर्वस्वी जुळते असे मानणे धोक्याचे ठरेल. पाणी गोठताना प्रसरण पावते, म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो आणि हिवाळ्यात तळ्याचा पृष्ठभाग गोठला तरी खाली मासे जिवंत राहतात. हा पाण्याचा विक्षिप्तपणा आहे, सृष्टीचा सर्वसाधारण नियम नव्हे. मिथेन बहुतेक पदार्थांप्रमाणे गोठताना आक्रसतो. त्याचा घट्ट गोळा त्याच्याच द्रवात बुडतो. पाण्याचा बर्फही त्या समुद्रात दगडासारखा तळाशी जाईल, कारण द्रवरूप मिथेन पाण्याच्या निम्म्याहूनही हलका आहे. म्हणजे अवस्था परिस्थितीवर अवलंबून असली तरी पदार्थाला स्वतःचा स्वभाव नसतो असे नाही. तो असतो, पण तो रकान्यात दिसत नाही. तो दिसतो अवस्था बदलतेवेळी पदार्थ कसा वागतो त्यात.

आणखी एक गैरसमज मुलांच्याच नव्हे, मोठ्यांच्याही मनात हटकून येतो. जळणाऱ्या वायूचे समुद्र आणि त्यांवर पेटती काडी पडली तर? उत्तर असे की, काडी विझेल. जळण्याला ऑक्सिजन लागतो आणि टायटनच्या हवेत तो मुक्त स्वरूपात नाही. तेथला ऑक्सिजन मुख्यतः पाण्यात बांधला गेला आहे आणि ते पाणी कातळ होऊन बसले आहे. आपल्याकडे हवेत ऑक्सिजन मुबलक आणि इंधन जपून साठवायचे. तेथे इंधनाचा महासागर आणि ऑक्सिजन खडकात कोंडलेला. थंडीने पदार्थांच्या अवस्था बदलल्या की काय काय बदलते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

हा सारा डोलारा किती बारीक खांबांवर उभा आहे हेही पाहण्यासारखे आहे. पृथ्वीवर पाणी बर्फ, द्रव व वाफ या तिन्ही रूपांत वावरू शकते, कारण आपले तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास खेळते. टायटनवर नेमके तेच भाग्य मिथेनला लाभले आहे. परंतु सूर्याचा अतिनील प्रकाश वातावरणाच्या वरच्या थरांत मिथेनचे रेणू सतत फोडत असतो. त्यांच्या तुकड्यांतून इथेन आणि इतर जड संयुगे बनतात, नारिंगी धुके तयार होते आणि त्याचे कण खाली पडून विषुववृत्तावरील काळ्या टेकड्यांची वाळू होतात. फुटलेला मिथेन परत येत नाही. हिशेब असा की, आज असलेला साठा काही कोटी वर्षांत संपावा. टायटनचे वय मात्र साडेचारशे कोटी वर्षांचे आहे. तेव्हा आतून कोठून तरी भर पडत असली पाहिजे, आणि ती कोठून पडते हे कोडे अद्याप सुटलेले नाही.

ती भर थांबली तर? वातावरणातील नायट्रोजन, मिथेन व हायड्रोजन हे मिळून टायटनला उष्णतेची गोधडी पुरवितात आणि वरचे धुके त्यातली काही ऊब हिरावून घेते. वजाबाकी करून सुमारे बारा अंशांची ऊब उरते. मिथेन सरला तर ही गोधडी विरेल, आणि मग नायट्रोजनचाही काही भाग हवेतून गळून जमिनीवर येईल, असे गणित १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे लाव्हाझियेचा उरलेला तर्कही खरा होईल. बारा अंश म्हणजे पुण्यातली डिसेंबरची पहाट आणि दुपार यांच्यातल्या फरकाहूनही कमी. त्यावर एका जगाची हवा टिकून आहे.

हे शिक्षकांनी वर्गात सांगावे काय, असा प्रश्न विचारला जाईल. अभ्यासक्रम आधीच फुगलेला, तासिका थोड्या, प्रयोगशाळा बहुतेक ठिकाणी कुलपात. परंतु टायटन शिकविण्यासाठी टायटन लागत नाही. थंडीत थिजलेली खोबरेलची बाटली पुरे. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या द्रव न होताच हवेत कशा उडून जातात, महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांच्या आधीच का उकळते, सिलिंडरमध्ये हिंदकळणारा वायू शेगडीपर्यंत येताना वायू कसा होतो, एवढे प्रश्न विचारले तरी तीन रकान्यांच्या भिंतींना खिंडारे पडतील. ज्या विद्यार्थ्याने 'पाणी स्थायू की द्रव?' या प्रश्नाला 'कोठे?' असा उलट प्रश्न केला, त्याच्या उत्तरपत्रिकेवर आज बहुधा फुली पडेल. वास्तविक पूर्ण गुण त्यालाच मिळाले पाहिजेत. फॅरेडेच्या काळच्या थोर शास्त्रज्ञांना 'चिरस्थायी' हा शब्द मागे घ्यावा लागला, तो त्यांनी 'किती अंशांना?' हे विचारावयाचे सोडले होते म्हणून.

टायटनकडे पुन्हा जाण्याची तयारी चालली आहे. 'ड्रॅगनफ्लाय' नावाचे, आठ पात्यांवर उडणारे यान २०२८ मध्ये पाठविण्याची आणि ते २०३४ मध्ये तेथे पोहोचण्याची अमेरिकेची योजना आहे. दाट हवा आणि दुबळे गुरुत्वाकर्षण यांमुळे त्या जगात उडणे चालण्यापेक्षा सोपे आहे. ते वाळूच्या टेकड्यांत उतरून टप्प्याटप्प्याने सेल्क नावाच्या एका विवराकडे जाईल. फार पूर्वी तेथे बाहेरून काहीतरी येऊन आदळले. त्या आघाताच्या उष्णतेने बर्फाचा कातळ वितळला असावा आणि काही काळ, कदाचित शेकडो वर्षे, त्या विवरात पाणी द्रवरूपात राहिले असावे. आकाशातून पडलेली कार्बनयुक्त संयुगे त्यात मिसळली असावीत. मग थंडीने पुन्हा आपला अंमल बसविला आणि जे काही घडत होते ते जेथल्या तेथे गोठून गेले. तो गोठलेला तुकडा हे यान उकरून पाहणार आहे.